तापतं ते भांडं

गणपतीच्या आदल्या दिवशी मावशीकडचा गॅस संपला. दुसरा सिलिंडर दोन दिवसांनी येणार होता, म्हणून माळ्यावरची इंडक्शन शेगडी खाली आली. पुसून ओट्यावर मांडली, मोदकपात्रात पाणी घालून ते शेगडीवर चढवलं आणि बटण दाबलं. शेगडी ‘टीं… टीं… टीं’ करत राहिली, पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा उमटला, आणि मिनिटभरात ती बंद पडली. तीनदा तसंच झालं. मी पोचले तोवर मावशीनं ती पुन्हा खोक्यात भरून दाराशी ठेवली होती. “अगं, ऐन वेळी दगा दिला बघ हिनं. जाता जाता दुकानात टाक.”

तिच्या फ्रिजवर कुठल्याशा देवस्थानाहून आणलेलं एक लोहचुंबक होतं. ते काढून मोदकपात्राच्या बुडाला लावलं तर ते सरळ घसरून ओट्यावर पडलं. मग मांडणीवरची भांडी एकेक करून पाहिली. एका जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्याला चुंबक टक्कन चिकटलं. त्या पातेल्यात दोन तांबे पाणी घातलं, वर चाळण ठेवली, चाळणीला हळदीची पानं लावली, त्यावर मोदक आणि वर झाकण. त्याच शेगडीवर मोदक व्यवस्थित उकडले. शेगडीला काही झालेलंच नव्हतं. मोदकपात्र ॲल्युमिनियमचं होतं, एवढंच.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण इंडक्शन शेगडीच्या बहुतेक तक्रारींचा उगम शेगडीच्या बाहेर असतो. भांडं, भिंतीतला सॉकेट आणि शेगडीखालून जाणारी हवा या तीन ठिकाणी आधी बघायचं. स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायची वेळ फार क्वचित येते, आणि जेव्हा येते तेव्हा तो आपल्या हातात नसावा, असं माझं ठाम मत आहे. पण आधी ही शेगडी काम कसं करते ते नीट समजून घेऊ. ते कळलं की पुढच्या खुणा आपोआप वाचता येतात.

गॅसची ज्योत भांड्याला तापवते. जुन्या शेगडीतली कॉइल आधी स्वतः लाल होते आणि मग भांड्याला तापवते. इंडक्शनमध्ये असं वेगळं तापणारं काही नसतं. काचेखाली तांब्याच्या बारीक तारांचा पीळ घालून केलेलं एक चपटं वेटोळं असतं, दिसायला थेट चकलीसारखं. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. शेगडीतलं सर्किट ती आधी एकदिश करतं आणि मग वेटोळ्यातून सेकंदाला साधारण २० ते ४० हजार आवर्तनांनी उलटसुलट पळवतं. त्यामुळे वेटोळ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही त्याच वेगानं बदलत राहतं. त्या क्षेत्रात लोखंडाचं बूड आलं की त्या बुडाच्या आतच विजेचे भोवरे फिरू लागतात आणि बूड तापतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते हे मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं, तेच हे तत्त्व. १९५०च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागानं अशा शेगडीची जाहीर प्रात्यक्षिकं केली होती. शेगडी आणि भांडं यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा आणि पाणी उकळून दाखवायचं. कागद जळत नसे. काच गरम लागते ती भांड्यानं तिला उलट तापवल्यामुळे.

मग ॲल्युमिनियम का चालत नाही? तोही धातूच आहे, भोवरे त्यातही फिरतात. पण ॲल्युमिनियम, तांबं आणि पितळ हे विजेचे फार चांगले वाहक. भोवऱ्यांना त्यात फारसा अडथळा होत नाही, आणि अडथळ्याशिवाय उष्णता नाही. लोखंडाचा अडथळा मुळात जास्त. शिवाय लोखंड चुंबकाकडे ओढलं जाणारं असल्यामुळे इतक्या वेगानं बदलणारा प्रवाह त्याच्या आत खोलवर शिरू शकत नाही. पृष्ठभागाच्या मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ थरात तो कोंडला जातो. हमरस्त्यावरची सगळी वर्दळ अचानक एका बोळात शिरावी तसं होतं, आणि त्या रेटारेटीतून उष्णता निघते.

स्टीलचं भांडं आहे म्हणून ते चालेलच असं धरू नका. ज्याला बाजारात ३०४ किंवा १८/८ म्हणतात त्या उत्तम स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदलते आणि चुंबक अशा भांड्याला चिकटत नाही. ४३० जातीच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतं, त्याला चुंबक घट्ट धरतं. म्हणजे लग्नात आलेली महागडी पातेली इंडक्शनला निरुपयोगी ठरतील आणि एखादं साधं भांडं छान चालेल. ‘इंडक्शन बेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुकरला किंवा कढईला खाली चुंबकीय स्टीलची एक चकती बसवलेली असते. ती चकती लहान असेल, तर भांडं मोठं दिसलं तरी शेगडीच्या लेखी ते लहानच. चुंबक बुडाच्या मध्यावर लावून भागत नाही. ते कडेपर्यंत सरकवत न्या, पकड कुठे सैल होते ते हाताला कळतं.

भांडं ठेवलंय की नाही हे शेगडीला कसं कळतं, हे मला फार सुंदर वाटतं. देवघरातली घंटा वाजवून सोडली तर तिचा नाद घुमत राहतो, आणि वाजत असतानाच तिच्यावर हात ठेवला तर तो लगेच मिटतो. शेगडी वेटोळ्यात विजेचा एक छोटा टोला देते आणि त्याची आंदोलनं किती वेळ टिकतात ते मोजते. वर योग्य भांडं असेल तर ते ऊर्जा शोषून घेतं आणि आंदोलनं झटकन विरतात. ती घुमतच राहिली, तर वर भांडं नाही असा निष्कर्ष काढून शेगडी टीं टीं करू लागते. फोडणीचं कढलं किंवा एका कपाचं चहाचं पातेलं ठेवल्यावर ती तक्रार करते ती याचसाठी. बुडाचा व्यास १२ सेंटिमीटरहून कमी असेल तर बऱ्याच शेगड्या ते भांडं मोजतच नाहीत. गोल बुडाची लोखंडी कढई चुंबकाला चिकटते, पण काचेला जेमतेम रुपयाएवढ्या जागेत टेकते. बाकीचं बूड वर अधांतरी. मग शेगडी कधी ते ओळखते, कधी नाही, आणि कढई जरा हलली की पुन्हा टीं टीं.

पोळ्यांच्या तव्याचंही तेच. वर्षानुवर्षं गॅसवर तापून तव्याचं बूड एका बाजूला फुगलेलं असतं. ओट्यावर उपडा-सुलटा ठेवून बोटानं दाबा; डुगडुगला तर इंडक्शनवर त्याच्या पोळ्या मध्ये करपणार आणि कडेला कच्च्या राहणार. बिडाचा सपाट तवा असेल तर तो वापरा, फक्त आच हळूहळू वाढवा.

ॲल्युमिनियमची भांडी चालावीत म्हणून काचेवर ठेवायची एक लोखंडी चकती बाजारात मिळते. मी ती कुणाला सुचवत नाही. त्या व्यवस्थेत चकती तापते आणि ती भांड्याला तापवते, म्हणजे शेगडीचा मूळ फायदाच गेला. वर ती तप्त चकती थेट काचेवर बसलेली. तिची झळ काचेला, आणि काचेखालच्या सगळ्या भागांना लागत राहते.

आता ज्या तक्रारींत बिघाड मुळात नसतोच, त्या भराभर पाहू. मंद आचेवर दूध ठेवलं की ते उकळतं, थांबतं, पुन्हा उकळतं. बऱ्याच शेगड्यांना एका मर्यादेच्या खाली सलग आच देता येत नाही, म्हणून त्या काही सेकंद चालू आणि काही सेकंद बंद अशा आळीपाळीनं सरासरी साधतात. भांड्यातून घूंऽऽ असा आवाज येतो, तो थरांच्या बुडाचा किंवा पातळ बुडाचा. भांडं जरा सरकवलं, आच एक पायरी कमी केली की तो बदलतो. बटणं दाबूनही काही होत नसेल तर लहान मुलांसाठीचं कुलूप लागलंय का पाहा. त्याची खूण पॅनेलवर असते आणि ते बटण बहुधा तीनएक सेकंद दाबून धरावं लागतं. स्पर्शाच्या पॅनेलवर पाण्याचा थेंब किंवा तेलकट बोटाचा थर असेल, तर शेगडीला बोट आणि थेंब यांतला फरक कळत नाही. कोरड्या फडक्यानं पुसा, हात पुसा, मग दाबा.

चालता चालता बंद पडणं ही तक्रार मात्र गंभीरपणे घ्यायची. काचेच्या मध्यावर आतून एक मण्याएवढा भाग पांढऱ्या लेपात बसवलेला असतो. तो थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध घटतो आणि त्यावरून काच किती तापली ते शेगडी ओळखते. तसाच दुसरा थर्मिस्टर आत, ताकदीचा प्रवाह सांभाळणाऱ्या भागाजवळ असतो. रिकामी कढई चढवून तेल आणायला गेलात, किंवा कुकरमधलं पाणी आटलं, तर पहिला थर्मिस्टर शेगडी थांबवतो. तिथे शेगडीचं बरोबर असतं. थोडा वेळ जाऊ द्या, भांडं उतरवा. पण रात्रभर थंड असलेली शेगडी सकाळी चालू करताच तापल्याचा संदेश देत असेल, तर थर्मिस्टरची तार तुटली आहे किंवा तो जागचा सुटला आहे असं समजावं. हे काम दुरुस्तीवाल्याचं. पडद्यावरच्या अक्षर-आकड्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. एकीचा ‘ई-एक’ म्हणजे भांडं नाही, तर दुसरीचा व्होल्टेज कमी. म्हणून शेगडीसोबत आलेल्या पुस्तिकेतलं ते एक पान फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

दुसरा थर्मिस्टर शेगडी थांबवत असेल तर कारण बहुतेक वेळा हवा असते. शेगडीच्या पोटाखाली पंखा आहे. तो खालून थंड हवा ओढतो आणि मागच्या किंवा बाजूच्या फटींतून गरम हवा बाहेर टाकतो. आपण काय करतो? ओटा खराब होऊ नये म्हणून शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ घालतो. पंखा सुरू झाला की कागद वर खेचला जातो आणि जाळीला चिकटतो. माझ्या एका काकूंच्या घरी शेगडी दर दहा मिनिटांनी बंद पडायची. मी ती चालू असताना खाली वाकून पाहिलं, तर रविवारची पुरवणी जाळीला घट्ट चिकटलेली होती. पुरवणी काढली आणि शेगडी दिवसभर चालली. चारही बाजूंनी वीतभर नाही तरी चार बोटं मोकळी जागा हवी, आणि भिंतीला चिकटवून तर शेगडी कधीच ठेवू नये.

पंखा कानानं तपासता येतो. चालू करताच सलग फर्र असा आवाज यायला हवा. तो खरखरला, अडखळला किंवा आलाच नाही तर शेगडी लगेच थांबवा. स्वयंपाक झाल्यावर बटणानं शेगडी बंद केली तरी पंखा थोडा वेळ फिरत राहतो, कारण आतली उष्णता बाहेर काढायची असते. आपली सवय अशी की लगेच भिंतीतला खटकाही बंद करायचा. त्यामुळे ती उष्णता आतच कोंडते. पंखा थांबू द्या, मग खटका बंद करा. महिन्यातून एकदा टॉप, म्हणजे प्लग, सॉकेटातून काढून, शेगडी उलटी करून जाळीवरची कणकेची आणि तेलाची काजळी रंगाच्या कोरड्या ब्रशनं झटकली तरी पुष्कळ झालं. उबेला झुरळं आत जातात. त्यांची घाण आणि पावसाळी दमट हवा मिळून सर्किटवर नको तिथे विजेला वाट करून देतात.

आता भिंतीकडे वळू. या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक शेगडीपुरती राहत नाही, घर पेटवते. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर पूर्ण ताकदीनं चालते तेव्हा सुमारे ८.७ अँपिअर वीज ओढते. मोबाइल, मिक्सर, टेबलफॅन ज्यात लावतो तो छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. मोठ्या पिनांचा, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो, तो १६ अँपिअरचा. शेगडी फक्त त्यातच लावायची, आणि त्या पॉइंटला मागून येणारी वायरही तेवढ्या ताकदीची हवी. कन्व्हर्टर पिन लावून छोट्या सॉकेटात किंवा घरगुती एक्स्टेन्शन बोर्डावर शेगडी चालवू नका. काही महिने काहीच होत नाही, आणि तोच खरा धोका आहे.

सॉकेटातली पितळी पाती सैल झाली की काय होतं ते आकड्यांत पाहा. सैल सांध्याचा रोध अर्धा ओहम धरला, तर ८.७ अँपिअर वाहताना त्या एकाच ठिकाणी सुमारे ३८ वॉट उष्णता निर्माण होते. इलेक्ट्रॉनिक्सवाले ज्यानं शिसं वितळवून डाग देतात ते सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. तुमच्या टॉपच्या आत, प्लॅस्टिकला टेकून, त्याहून मोठं आयर्न रोज अर्धा तास तापतंय असं समजा. म्हणून ही तपासणी आजच करा. शेगडी दहा मिनिटं जोरात चालवा, बटणानं बंद करा, पंखा थांबला की खटका बंद करा, टॉप ओढून काढा आणि पिनांना हलकेच बोट लावा. कोमट असतील तर ठीक. चटका बसला, टॉप एका पिनेभोवती पिवळट-तपकिरी झालेला दिसला, किंवा माशासारखा उग्र वास आला, तर सॉकेट आणि टॉप दोन्ही बदलायचे. एकच बदलून चालत नाही. जळलेली पिन नव्या सॉकेटाची पाती खराब करते.

शेगडी लावताच एमसीबी, म्हणजे जास्त भार आल्यावर पडणारा खटका, पडत असेल तर त्याच लाइनवर गीझर किंवा मायक्रोवेव्ह चालू आहे का ते आधी पाहा. एकटी शेगडी लावूनही तो तत्क्षणी पडला तर आत शॉर्ट आहे. पण एमसीबी जागेवर राहून आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखणारा खटका, पडत असेल तर ती वेगळी गोष्ट. वीज भलत्या वाटेनं जमिनीत जातेय. दूध उतू जाऊन आत शिरल्यावर किंवा पावसाळ्यात पडून राहिलेली शेगडी काढल्यावर हे होतं. टॉप काढा, शेगडी कोरड्या हवेशीर जागी एक-दोन दिवस ठेवा. तरीही खटका पडला तर ती दुरुस्तीला द्यायची. खटका धरून ठेवण्याचा किंवा तो काढून टाकण्याचा विचारही नको.

स्टीलच्या पातेल्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार जुन्या घरांतून फार येते. काच विजेला अडवते, तरी इतक्या जलद बदलणाऱ्या विद्युतदाबाचा थोडा परिणाम काचेपलीकडच्या भांड्यावर होतोच, आणि शेगडीतल्या फिल्टरची थोडी गळतीही अर्थिंगच्या भरवशावर सोडलेली असते. अर्थिंग नीट असेल तर ही गळती मुकाट निघून जाते. घरात अर्थिंगची वायरच ओढलेली नसेल, किंवा टॉपची तिसरी जाड पिन कुणी कापून टाकली असेल, तर तिला तुमच्या हाताची वाट सापडते. अशा घरात आधी वायरमन बोलवा, शेगडी नंतर. पेसमेकर बसवलेल्या माणसानं चालू इंडक्शन शेगडीपासून छाती किमान दोन फूट लांब ठेवावी आणि आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं.

शेगडी चालते, पण तापत नाही, ही तक्रार मोजून सोडवता येते, अंदाजानं नाही. झाकण ठेवून एक लिटर पाणी १२०० वॉटवर उकळत ठेवा. २५ अंशांवरचं पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात. १२०० वॉटची सगळी ऊर्जा पाण्यात गेली असती तर हे साडेचार मिनिटांच्या आत झालं असतं. थोडी वाया जाणार, म्हणून पाच ते सहा मिनिटं हा चोख हिशेब. दहा मिनिटं लागली तर कुठेतरी गडबड आहे. कुठे, ते विजेच्या मीटरला विचारा. घरातलं बाकी सगळं, फ्रिजसकट, बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर ३२०० इम्पल्स असं छापलेलं असेल तर ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. १२०० वॉटला मिनिटाला ६४ लुकलुकी यायला हव्यात. तेवढ्या आल्या आणि तरीही पाणी तापत नसेल, तर ऊर्जा घरात येतेय पण पाण्यात पोचत नाहीये. भांडं बदलून बघा. तीस-चाळीसच आल्या तर शेगडी वीजच कमी घेतेय. म्हणजे बुडाशी तिचं जमत नाहीये, आतली उष्णता तिला आवर घालतेय किंवा व्होल्टेज पडलंय.

व्होल्टेजचं दुखणं गावाकडे संध्याकाळी हमखास. एका ठरावीक पातळीखाली इंडक्शन शेगडी चालूच होत नाही, स्वतःला वाचवते. दुपारी चालणारी आणि सातनंतर रुसणारी शेगडी असेल तर दोष तिच्यात शोधू नका. फ्रिजचा स्टॅबिलायझर तिला लावू नका, तो एवढ्या भारासाठी केलेला नसतो. घरातला साधा इन्व्हर्टरही नाही.

कॉइलची शेगडी कमी व्होल्टेजवर बंद पडत नाही, नुसती मंदावते, आणि वाटतं त्याहून जास्त मंदावते. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० चे १८० व्होल्ट झाले की १००० वॉटची कॉइल सुमारे ६१० वॉटवर येते. वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत ही शेगडी अजून दिसते. तिची तार निक्रोमची, निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची. अल्बर्ट मार्श या अमेरिकी संशोधकाला १९०६ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि घरगुती विजेची शेगडी, टोस्टर, इस्तरी हे सगळं त्या तारेमुळे शक्य झालं. तार तुटली की लोक दोन टोकं पिळून जोडतात. तो सांधा जास्त तापतो आणि पुन्हा तिथेच तुटतो. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की ती उघडी तार जिवंत असते. उतू गेलेलं दूध किंवा स्टीलचा डाव तिला टेकला की शॉक. मुलाला वसतिगृहात पाठवताना ती शेगडी बरोबर देऊ नका, एवढं मी आग्रहानं सांगेन. इन्फ्रारेड शेगडी दिसायला इंडक्शनसारखी, पण काचेखाली लाल उजेड दिसतो. तिच्यावर कुठलंही सपाट भांडं चालतं, आणि बंद केल्यावरही तिची काच बराच वेळ भाजते.

काचेला तडा गेला तर, केसाएवढा असला तरी, शेगडी त्या क्षणी बंद. तडा दिसायला निरुपद्रवी असतो, पण उतू गेलेलं पाणी त्यातून थेट वेटोळ्यावर उतरतं. वरून पारदर्शक टेप चिकटवून वापर चालू ठेवलेला मी पाहिला आहे, आणि तो बंद करायला लावला आहे. साखरेचा पाक सांडला तर तो घट्ट व्हायच्या आत ओल्या फडक्यानं सावधपणे पुसावा, तारेच्या घासणीनं खरवडू नये.

शेवटी तो प्रसंग, ज्यात खरंच काहीतरी जळालेलं असतं. शेगडीतून ‘फट्’ असा आवाज येतो, दिवे जातात, आणि पुन्हा खटका लावला तरी शेगडी मुकी. आतला फ्यूज उडालेला असतो, पण तो उडाला याचा अर्थ पुढे काहीतरी फुटलं. बहुतेक वेळा तो आयजीबीटी असतो. सेकंदाला हजारो वेळा वेटोळ्यातला प्रवाह चालू-बंद करणारा हा तीन पायांचा काळा भाग. त्याच्यासोबत वीज एकदिश करणारा ब्रिजही जातो. कुणी फ्यूजच्या जागी तार टाकून देतो म्हणाला तर शेगडी त्याच्या हातातून परत घ्या.

आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांच्या टेबलावर लाकडी फळीवर बसवलेला १०० वॉटचा जुना बल्ब आहे. आयजीबीटी, ब्रिज आणि फ्यूज बदलल्यावर ते शेगडीचं सर्किट थेट विजेला जोडत नाहीत, मध्ये हा बल्ब घेतात. त्या दिवशी मी शेजारीच उभी होते. त्यांनी खटका दाबला. बल्ब क्षणभर भगभगला आणि विझत विझत नुसता तांबूस धागा उरला. “बघा ताई, शॉर्ट असता तर हा लख्ख पेटून राहिला असता, आणि बल्ब मध्ये नसता तर नवा आयजीबीटी आता फुटला असता.” मग त्यांनी वेटोळ्याशेजारचा कपॅसिटर मीटरवर मोजला. त्याची क्षमता छापल्यापेक्षा घटलेली निघाली, तोही बदलला. तो तसाच राहिला असता तर आयजीबीटीवर विद्युतदाबाचा मार बसत राहिला असता आणि महिन्याभरात पुन्हा फट्. म्हणून दुरुस्तीला देताना तीन गोष्टी विचारा: आयजीबीटीबरोबर कपॅसिटर तपासला का, थर्मिस्टर नव्या पांढऱ्या लेपासकट काचेला टेकवून बसवला का, आणि जुने भाग परत मिळतील का. शेगडी घरी उघडू नका. टॉप काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब साठून राहिलेला असू शकतो.

मावशीचा सिलिंडर ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी आला आणि शेगडी पुन्हा माळ्यावर चालली होती. मी तिला थांबवलं. कोकणातल्या पावसाळ्यात महिनोन् महिने खोक्यात बंद राहिलेल्या शेगडीच्या आत ओल धरते, आणि ऐन गरजेच्या दिवशी ती पहिल्याच खटक्याला उडते. आता ती ओट्याच्या कोपऱ्यात, सुती फडक्याखाली असते. आठवड्यातून दोनदा मावशी तिच्यावर चहाचं पाणी ठेवते, चुंबक चिकटणाऱ्या पातेल्यात.